ओट्स-भाज्यांची टिक्की तव्यावर का मोडते आणि मैद्याशिवाय कशी जमते

प्रश्न असा आला आहे: "घरी ओट्स आणि भाज्यांच्या टिक्क्या करते. कोबी, गाजर, पालक, कांदा किसून-चिरून घेते, त्यात वाटीभर ओट्स आणि मसाला घालते. मिश्रण इतकं सैल होतं की थापताच येत नाही, मग मैदा घालत जाते. तरी उलटताना मोडतात म्हणून तेल वाढवावं लागतं. बाहेरून करपतात, आतून गिच्च राहतात. एवढा मैदा आणि तेल घातल्यावर त्यांना पौष्टिक तरी कसं म्हणायचं? आज सकाळचं अर्धं मिश्रण अजून फ्रीजमध्ये आहे. टाकून देऊ का?"

मिश्रण टाकू नका. त्याचं काय करायचं ते शेवटी सांगते. आधी ते असं का झालं ते पाहू, म्हणजे पुढच्या वेळी मैद्याचा डबा उघडावाच लागणार नाही.

मी सतरा वर्षं एका कॅन्टीनचं स्वयंपाकघर सांभाळते आहे. ओट्सच्या टिक्क्या आमच्याकडे आठवड्यातून दोनदा होतात, एका वेळी शंभराच्या आसपास. तुमच्या चारही तक्रारी मी स्वतःच्या तव्यावर पाहिल्या आहेत आणि त्या चारही एकाच गोष्टीतून निघतात. ती गोष्ट म्हणजे भाजीचं अंगचं पाणी. ते आवरलं की मैदा लागत नाही, आणि टिक्की स्वतःहून धरून राहिली की तिला तेलात पोहवावं लागत नाही. त्यामुळे पौष्टिकतेचा प्रश्न माझ्या मते घटकांच्या यादीपेक्षा पाण्याच्या हिशेबात जास्त सुटतो.

कोबीत साधारण 92 टक्के पाणी असतं, पालकात 91, कांद्यात 89, गाजरात 88. म्हणजे 200 ग्रॅम कोबी घेतलात तर त्यातलं 184 ग्रॅम पाणीच आहे. भाजी अख्खी असते तोवर हे पाणी तिच्या पेशींत कोंडलेलं असतं. किसली की काही पेशी फुटतात, आणि मीठ पडलं की उरलेल्या पेशींतलंही पाणी बाहेर खेचलं जातं. गंमत अशी की हे लगेच होत नाही. पाणी सुटायला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि त्यानंतरही ते सुटतच राहतं. म्हणून कालवताना मिश्रण छान वाटतं, पहिल्या चार टिक्क्या बऱ्या निघतात आणि तिसऱ्या घाण्याला सगळं सैल झालेलं असतं.

तेव्हा मैदा घातला की हाताला घट्ट लागतं, पण ते दिसण्यापुरतंच. कोरड्या पिठातला स्टार्च थंड पाणी फारसं धरत नाही, तो गरम झाल्यावर, साधारण 60 अंश सेल्सियसच्या पुढे, फुगून पाणी आत ओढतो. तव्यावर बाहेरचा थर तापून लाल होतो आणि आत मात्र पीठ आणि भाजीचं पाणी यांची खळ तयार होत असते. तुम्ही ज्याला गिच्च म्हणता ते हेच. ओट्सचं वेगळं आहे. बाजारात मिळणारे चपटे ओट्स आधी वाफवून मग लाटलेले असतात, शिवाय त्यांच्यात बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो, जो पाण्यात बुळबुळीत, चिकट होतो. त्यामुळे ते थंड पाणीही पितात आणि धरून ठेवतात. फक्त त्यांना वेळ द्यावा लागतो. ओट्स घातल्या घातल्या मिश्रण सैल दिसलं म्हणून आणखी पीठ घालणं ही बहुतेकांची चूक असते. वीस मिनिटं थांबलं असतं तर तेच मिश्रण घट्ट झालं असतं.

हे मला कळलं ते एका वाईट दिवशी. कॅन्टीनमधलं माझं दुसरं वर्ष होतं. ऐंशी टिक्क्या करायच्या होत्या. वेळ वाचावा म्हणून सकाळी सातला सगळं कालवून, मीठ घालून ठेवलं. अकराला पातेलं उघडलं तर तळाला पाणी साचलेलं. घाबरून ब्रेडचा चुरा ओतत गेले. टिक्क्या मोडल्या नाहीत, पण त्यांना ब्रेडशिवाय कसलीच चव नव्हती, आणि अर्ध्याहून जास्त परत आल्या. त्या दुपारी मी 500 ग्रॅम कोबी किसला, चमचाभर मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवला आणि कापडात घेऊन पिळला. वाटीत जमलेलं पाणी वजन काट्यावर ठेवलं, ते सव्वाशे ग्रॅमच्या वर भरलं. एवढं पाणी मी न मोजता मिश्रणात घालत होते. त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात भाजी आधी पिळली जाते.

आता महत्त्वाचा भाग. पिळलेलं पाणी मोरीत ओतू नका. त्यात भाजीची चव आहे, तुमचं मीठ आहे आणि पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वंही आहेत. तेच पाणी ओट्सवर घाला. मग पिळलं कशाला, असं मला दर वेळी कोणीतरी विचारतं. फरक असा आहे की भाजीत असताना ते पाणी मोकळं होतं, कधी आणि किती सुटेल याचा नेम नव्हता. ओट्सनी पिऊन घेतलं की ते बांधलं जातं. टिक्की आतून ओलसर राहते, पण तिच्यातून पाणी गळत नाही. शिवाय किती घालायचं हे तुमच्या हातात राहतं.

माझं दहा टिक्क्यांचं माप असं आहे. गाजर 150 ग्रॅम, कोबी 150 ग्रॅम, मटार 75 ग्रॅम, एक मध्यम कांदा, एक मध्यम बटाटा उकडून सुमारे 120 ग्रॅम, साधे चपटे ओट्स 100 ग्रॅम, मीठ पाऊण लहान चमचा. आलं, हिरवी मिरची, कोथिंबीर, मिरपूड, थोडा लिंबाचा रस. तेल एकूण पाच लहान चमचे.

गाजर मध्यम छिद्राच्या किसणीवर किसा आणि कोबी अगदी बारीक, लांबट चिरा. लांब धागे एकमेकांत गुंततात आणि टिक्कीला आतून विणीसारखे धरून ठेवतात. बारीक भुगा केला तर ती वीण मिळत नाही, आणि मोठे तुकडे ठेवले तर प्रत्येक तुकड्याच्या कडेने भेग सुरू होते. मटार म्हणूनच अख्खे घालू नका. उकडून, निथळून, बोटांनी अर्धवट चेचा. अख्खा मटार कडेला आला की टिक्की नेमकी तिथून फुटते.

गाजर-कोबीला पाऊण चमच्यातलं अर्धं मीठ चोळा आणि पंधरा मिनिटं विसरून जा. मग स्वच्छ सुती कापडात घेऊन पुरचुंडी बांधा आणि पिळा. सुरुवातीला धार लागते, मग थेंब पडतात. धार थांबली की बहुतेक जण कापड उघडतात. तिथे थांबू नका. पुरचुंडी उघडून भाजी एकदा मोकळी करा, परत गुंडाळा आणि पुन्हा पिळा. दुसऱ्या पिळण्यात चांगले दोन-तीन चमचे पाणी निघतं. भाजी मुठीत दाबून सोडली आणि हात फक्त ओलसर लागला, तळव्यावर थेंब राहिले नाहीत, म्हणजे झालं.

कांदा कच्चा घालू नका. तो मिश्रणात पडल्यावरही पाणी सोडत राहतो आणि टिक्की शिजेपर्यंत स्वतः कच्चटच राहतो. एक चमचा तेलात, पारदर्शक होऊन कडा किंचित तांबूस होईपर्यंत परता. आलं-मिरचीही त्याच वेळी टाका. हे तेल पाच चमच्यांतलंच धरा.

पालकाबद्दल तुम्ही लिहिलं आहे म्हणून वेगळं सांगते. पालक चिरून तसाच घालणं हे तुमच्या सैल मिश्रणाचं एक मोठं कारण असणार. उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवा, लगेच थंड पाण्यात काढा आणि दोन्ही तळव्यांत दाबून घट्ट गोळा करा. मग तो गोळा चिरा. मोठी जुडी मुठीत मावेल एवढी होते. मशरूम असतील तर तेलाशिवाय तव्यावर परतून त्यांचं पाणी आटवा. झुकिनी किंवा दुधी घ्यायचा असेल तर तो कोबीसारखाच मीठ लावून पिळायचा, फक्त पाणी आणखी जास्त निघेल. भोपळी मिरची थोडी आणि बारीक. टोमॅटो नकोच, त्याची चव हवी असेल तर सोबत खा.

आता ओट्स. 100 ग्रॅम ओट्स कोरड्या तव्यावर मंद आचेवर चार-पाच मिनिटं हलवत राहा, खमंग वास येईपर्यंत. गार झाले की निम्मे मिक्सरमध्ये दोन-तीन झटके देऊन जाडसर दळा आणि निम्मे तसेच ठेवा. दळलेले ओट्स डिंकाचं काम करतात, अख्खे पाणी धरतात आणि दाताखाली लागतात. सगळेच बारीक दळले तर टिक्की चिवट आणि चिकट होते. सगळेच अख्खे ठेवले तर भुगभुशीत होऊन कडा सुटतात. या दळलेल्या ओट्समधले दोन मोठे चमचे बाजूला काढून ठेवा, वरून लावायला लागतील. बाकीच्या ओट्सवर भाजीचं पिळलेलं पाणी चार-पाच मोठे चमचे घाला, हलवा आणि दहा मिनिटं ठेवा. पाणी कमी निघालं असेल तर साधं पाणी घालून भर करा, जास्त निघालं असेल तर उरलेलं कुठल्याही रश्शात किंवा सूपमध्ये वापरा. तसं झालं तर मात्र वाया गेलेल्या मिठाची थोडी भरपाई मिश्रणात करा.

बटाटा उकडून पूर्ण गार होऊ द्या, मगच किसा. गरम बटाटा कुस्करला की तो चिकट होतो आणि त्याची वाफ मिश्रण ओलं करते. बटाटा नको असेल तर रताळं चालतं, किंवा मुठीने चेचलेले शिजवलेले काबुली चणे. अंडं खात असाल तर एक अंडं बटाट्याऐवजी पुरतं, मात्र मग ओट्सवर पाणी दोन चमचेच घाला. एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात भिजवूनही चांगली बांधणी मिळते, पण तिची चव सगळ्यांना आवडत नाही.

सगळं एकत्र करून, उरलेलं मीठ, कोथिंबीर, मिरपूड, लिंबू घालून हलक्या हाताने कालवा. कणकेसारखं मळू नका. मग वीस ते तीस मिनिटं फ्रीजमध्ये. ही पायरी लोक सर्रास गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक हीच पाडते. या वेळात ओट्स फुगतात, बटाट्यातला स्टार्च घट्ट होतो आणि भाजीतलं उरलंसुरलं पाणी ओट्समध्ये जातं. बाहेर काढल्यावर लिंबाएवढा गोळा मुठीत दाबा आणि मूठ उघडा. गोळा बोटांचे ठसे धरून राहिला आणि हाताला फक्त थोडा कण लागला, तर बरोबर. हात बरबटला तर एक मोठा चमचा दळलेले ओट्स घाला आणि दहा मिनिटं थांबून मग परत पाहा. थांबल्याशिवाय दुसरा चमचा घालू नका. गोळ्याला भेगा पडल्या तर मिश्रण कोरडं आहे, हात पाण्यात बुडवून दोनदा दाबा, पुरतं.

थापताना साधारण 60 ग्रॅमचा गोळा घ्या, सात सेंटीमीटर रुंद आणि दीड सेंटीमीटरपेक्षा कमी जाड. जाड टिक्की दिसायला छान असते पण आत उष्णता पोचेपर्यंत बाहेरून करपते. कडेवरून बोट फिरवून सगळ्या चिरा बुजवा. मोडणारी टिक्की जवळजवळ नेहमी कडेच्या चिरेतून मोडते. मधोमध अंगठ्याने अगदी किंचित दाबा. मग बाजूला ठेवलेल्या दळलेल्या ओट्सवर दोन्ही बाजू हलक्या टेकवा. ब्रेडच्या चुऱ्याची जागा हे ओट्स घेतात आणि पृष्ठभाग कोरडा ठेवतात.

पृष्ठभाग कोरडा असण्यावर खरपूसपणा अवलंबून असतो. पाणी 100 अंशांवर उकळतं आणि ओला भाग तोवर त्याच्या वर तापतच नाही. तांबूस रंग आणि भाजल्याचा खमंग वास ज्या प्रक्रियेने येतो, जिला लुई-कामिय मेलार्ड या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचं नाव आहे आणि जिचं वर्णन त्याने 1912 साली केलं, ती साधारण 140 अंशांच्या आसपास जोर धरते. ओली टिक्की तव्यावर टाकलीत तर पहिली काही मिनिटं ती भाजली न जाता वाफवलीच जाते. तिच्याखालचं पाणी तिला तव्याला चिकटवतं. मग आपण तेल ओततो.

तवा जाड बुडाचा घ्या. लोखंडी, बिडाचा, नॉनस्टिक, कुठलाही चालेल. नॉनस्टिक असेल तर रिकामा मोठ्या आचेवर तापत ठेवू नका, त्याचा थर 260 अंशांच्या वर खराब होऊ लागतो. मध्यम आचेवर तवा तापू द्या, दोन लहान चमचे तेल पसरा आणि मिश्रणाचा कण टाकून पाहा. टाकताक्षणी चर्र झालं पाहिजे. एका वेळी पाचच टिक्क्या, मध्ये बोटभर जागा सोडून. गर्दी केली की वाफेला वाट राहत नाही.

आणि मग हात मागे घ्या. माझ्याकडे नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच शिकवते आणि प्रत्येकाला हेच जड जातं. गेल्या वर्षी आलेली एक मुलगी अर्ध्या मिनिटाला उलथनं घालून खाली लाल झालं का बघायची. तिची एकही टिक्की अख्खी उतरेना. मी तिला उलथनं ओट्यावर ठेवायला लावलं आणि म्हटलं, फक्त ऐक. पहिल्या मिनिटात आवाज मोठा आणि ओला असतो, पाणी उडत असतं. दोन-अडीच मिनिटांनी तो बारीक होतो, एकसारखा तडतड होतो. कडेने सोनेरी रेघ वर चढताना दिसते आणि वाफ कमी होते. चौथ्या मिनिटाला तवा हलवला की टिक्की स्वतःहून सरकते. सरकली नाही तर ती तयार नाही, अजून मिनिटभर द्या. कवच तयार झालं की ती तव्याला सोडते, आधी नाही. त्या दिवशी तिच्या पाचही टिक्क्या अख्ख्या उतरल्या.

उलटताना कडेने थेंब थेंब तेल सोडा आणि दुसरी बाजू चार मिनिटं भाजा. झाकण ठेवायची गरज नाही, कारण भाजी बारीक आहे, बटाटा आणि मटार शिजलेलेच आहेत. झाकणाखाली वाफ साचून झालेलं कवच मऊ पडतं. उतरवलेल्या टिक्क्या एकावर एक रचू नका, जाळीवर ठेवा. ताटलीत ठेवल्या तर खालची बाजू घाम येऊन ओली होते. रंग सोनेरी-तांबूस झाला की पुरे. काळपट कडांचा सोस नको. स्टार्च असलेले पदार्थ 120 अंशांच्या वर भाजताना-तळताना ॲक्रिलामाइड नावाचा, कर्करोगाशी संबंध असल्याचा संशय असलेला पदार्थ तयार होतो, हे 2002 साली स्वीडनमधल्या संशोधनातून पुढे आलं, आणि रंग जितका गडद तितकं त्याचं प्रमाण जास्त. तव्यावर थोडा वेळ भाजण्याने घाबरून जायचं कारण नाही, पण करपवण्यात काही फायदाही नाही.

अजिबात तेल न घालता कराव्यात का? मी सांगेन, नको. टिक्कीचा तळ खडबडीत असतो. तवा आणि तळ यांच्यामधल्या फटी तेल भरून काढतं आणि उष्णता सगळीकडे सारखी पोचवतं. तेल नसेल तर उंचवटे करपतात आणि खोलगट भाग पांढरे राहतात. शिवाय गाजर-पालकातलं बीटा-कॅरोटीन, म्हणजे ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं ते द्रव्य, शरीरात शोषलं जायला थोडी स्निग्धता लागते. एका टिक्कीला अर्धा लहान चमचा हे माझं प्रमाण आहे, म्हणजे साधारण 20 कॅलरी. ओव्हन असेल तर दोन्ही बाजूंना तेलाचा ब्रश फिरवून 200 अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं, मध्ये एकदा उलटून. चांगल्या होतात, फक्त तव्याचा खमंगपणा येत नाही.

आता तुमचा पौष्टिकतेचा प्रश्न, आकड्यांसकट. वरच्या मापाची एक टिक्की तेलासह साधारण 85 ते 90 कॅलरींची होते. तिच्यात अडीच ग्रॅमच्या आसपास तंतू आणि तितकीच प्रथिनं असतात. तंतूंच्या बाबतीत हे उत्तम आहे, तीन टिक्क्यांतून सात ग्रॅमच्या वर मिळतात. प्रथिनांच्या बाबतीत मात्र तोकडं आहे. तीन टिक्क्या खाऊन जेवण झालं असं समजू नका. सोबत वाटीभर दही घ्या, किंवा बटाट्याच्या जागी 120 ग्रॅम शिजवलेले चणे, राजमा किंवा पनीर घाला.

ओट्समुळे कोलेस्टेरॉल उतरतं असं सगळीकडे ऐकू येतं. त्यामागे आधार आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1997 साली ओट्सच्या विरघळणाऱ्या तंतूंबद्दल तसा दावा छापायची परवानगी दिली, पण त्याला दिवसाला 3 ग्रॅम बीटा-ग्लुकन लागतं. 100 ग्रॅम ओट्समध्ये ते साधारण 4 ग्रॅम असतं. म्हणजे आपल्या तीन टिक्क्यांतून जेमतेम 1.2 ग्रॅम. उपयोग आहेच, पण टिक्की हे औषध नव्हे. बाकीचं सकाळच्या ओट्समधून किंवा जवातून यायला हवं.

मिठाचंही मोजमाप ठेवा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. पाऊण लहान चमचा म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम, दहा टिक्क्यांत विभागलं तर तीन टिक्क्यांत सव्वा-दीड ग्रॅम. ठीक आहे. पण मसाला घातलेले, पाकिटातले चवीचे ओट्स वापरलेत तर हा हिशेब कोलमडतो, म्हणून साधेच घ्या. घरात कोणाला सीलिएक आजार, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होण्याचा आजार, असेल तर साधेही चालणार नाहीत. ओट्समध्ये स्वतःचं गव्हासारखं ग्लुटेन नसलं तरी शेतात आणि गिरणीत गहू मिसळतो. पाकिटावर ग्लुटेनमुक्त असं लिहिलेलेच घ्यावे लागतात, आणि काही रुग्णांना तेही सोसत नाहीत, त्यामुळे आधी डॉक्टरांना विचारा. रक्तातली साखर जपायची असेल तर बटाट्याऐवजी चणे आणि अख्ख्या ओट्सचं प्रमाण जास्त ठेवा, बारीक दळलेलं पचायला लवकर पचतं. आणि एरवी तंतू कमी खाणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी पाच टिक्क्या खाऊ नयेत, पोट फुगतं.

एकदम जास्त करून ठेवायच्या असतील तर थापून, ओट्स लावून, न भाजता ताटात सुट्या ठेवून गोठवा. कडक झाल्या की डब्यात भरा, महिनाभर छान राहतात. वितळवू नका. वितळताना पाणी सुटतं आणि आपण पहिल्या पायरीवर येतो. गोठलेल्याच मंद आचेवर टाका, पहिली तीन मिनिटं झाकण ठेवा, मग काढून नेहमीसारख्या भाजा. भाजलेल्या टिक्क्या दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हव्यात आणि तीन दिवसांत संपवाव्यात. परत गरम करताना मायक्रोवेव्हऐवजी तवाच वापरा, कवच परत येतं.

आता तुमचं सकाळचं मिश्रण. फ्रीजमध्ये होतं म्हणजे खराब झालेलं नाही, पण आता ओट्स आणि मैदा पडल्यामुळे ते पिळता येणार नाही. आणखी पीठ घालू नका. पसरट कढईत एक चमचा तेल घेऊन ते सगळं मिश्रण मंद आचेवर टाका आणि पाच-सहा मिनिटं उलथन्याने खरवडत परता. सुरुवातीला ते पसरेल, तळाला धरेल, नाद सोडावासा वाटेल. मग वाफ निघत जाईल आणि मैदा-ओट्सचा स्टार्च गरम होऊन पाणी ओढून घेईल. मिश्रण कढईच्या कडा सोडून मधोमध गोळा व्हायला लागलं की गॅस बंद करा. परातीत पसरून पूर्ण गार करा, चाखून पाहा, मीठ-लिंबू लागलं तर घाला. मग पातळ टिक्क्या थापून कोरड्या ओट्सवर टेकवा. आतलं सगळं आधीच शिजलेलं असल्यामुळे तव्यावर प्रत्येक बाजूला तीन मिनिटं पुरतात.